आयएचसीला नवीन आहात? आधी रिट्रीव्हलवर हात बसवा

डीएमएलटी किंवा बीएस्सी करून हिस्टोपॅथॉलॉजीत नवीन लागलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. आयएचसीचं (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटीबॉडी लावून टिश्यूतलं ठराविक प्रथिन रंगवून दाखवणं) काम हातात आलं की सगळे क्लोन (अँटीबॉडीचा ठराविक प्रकार) कुठला, डायल्यूशन किती यावरच डोकं लावतात आणि स्लाइड फिकी आली की पहिला संशय अँटीबॉडीवर जातो. माझं म्हणणं, आधी रिट्रीव्हल तपासा, म्हणजे टिश्यूत झाकली गेलेली अँटीबॉडीची जागा उष्णतेने परत उघडी करायची पायरी.

टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये पडला की फॉर्मल्डिहाइड प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं, त्यामुळे टिश्यू टिकतो पण अँटीबॉडीने जिथे चिकटायचं ती जागाच झाकली जाते. हे बंध भरपूर उष्णतेने किंवा तीव्र अल्कलीने सोडवता येतात हे फ्रेंकेल-कॉनरॅट यांच्या 1940 च्या दशकातल्या कामातून कळलं होतं, तोच धागा पकडून 1991 मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी पॅराफिन सेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तापवायची पद्धत मांडली. तेव्हा जड धातूंची द्रावणं वापरलेली, आता आपण सिट्रेट पीएच 6 नाहीतर ट्रिस-ईडीटीए पीएच 9 वापरतो. बऱ्याच न्यूक्लिअर मार्करना (पेशीच्या न्यूक्लिअसमध्ये रंगणाऱ्या) पीएच 9 मानवतो, पण त्यात सेक्शन सुटायची भीती जास्त, म्हणून क्लोनच्या डेटाशीटमध्ये काय दिलंय ते बघूनच सुरुवात करा. पीएच मीटरने मोजा, तोही बफर गार असताना.

छोट्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी साधा प्रेशर कुकरच असतो आणि तो छान काम करतो. बफर आधी उकळू द्या, मग स्लाइडचा रॅक आत, मग झाकण. वेळ मोजायची ती पूर्ण प्रेशर आल्यापासून, गॅस पेटवल्यापासून नाही, कारण किती बफर आहे त्यावर प्रेशर यायचा वेळ रोज बदलतो आणि मग सोमवारची स्लाइड आणि गुरुवारची स्लाइड जुळत नाही. दोन-तीन मिनिटं पूर्ण प्रेशर सहसा पुरतं. मायक्रोवेव्ह असेल तर बफर उडून पातळी खाली जाते तिकडे लक्ष ठेवा, आणि रॅकमधल्या रिकाम्या खाचांत कोऱ्या स्लाइड लावा म्हणजे रोजचा लोड सारखा राहतो.

आणि घाई कुठे होते तर गार करताना! गरम बफरमधून स्लाइड बाहेर काढली की डोळ्यादेखत सुकते, मग कडेकडेने तपकिरी पट्टा येतो आणि मॅडम विचारतात हे पॉझिटिव्ह धरायचं का. साधारण 20 मिनिटं बफरमध्येच राहू द्या, मग वॉश.

सेक्शन उचलला जात असेल तर उष्णतेला दोष देण्याआधी मागे बघा. स्लाइड चार्ज्ड (टिश्यू घट्ट धरून ठेवणारी) आहे का, सेक्शन 3-4 मायक्रॉनचा आहे का, खाली पाणी अडकलेलं का, उभी करून निथळवली का, 60 डिग्रीला तासभर तरी ठेवली का. ब्रेस्टचा चरबीवाला टिश्यू तर हमखास सुटतो. लिव्हर-किडनीत वेगळाच त्रास, उष्णतेने टिश्यूतलं स्वतःचं बायोटिन उघडं पडतं आणि रंग उमटवायच्या अ‍ॅव्हिडिन-बायोटिन किटने सायटोप्लाझममध्ये खोटे दाणे दिसतात, तिथे बायोटिन नसलेलं पॉलिमर किट घ्या.

रिट्रीव्हलने सगळं वाचत नाही हेही सांगते. अख्खी मॅस्टेक्टॉमी (ऑपरेशनने काढलेला स्तन) न कापता डब्यात टाकून शनिवारी पाठवतात, फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचतच नाही, मधला भाग कच्चा राहतो, अशा ब्लॉकवर कितीही उकळा, भरवसा धरता येत नाही. ब्रेस्टच्या मार्करसाठी 6 ते 72 तास फिक्सेशन हा नियम आहे, किती तास झाले ते रिक्विझिशनवर (तपासणीच्या फॉर्मवर) लिहून मागा, भांडून मागा. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) चुकून निगेटिव्ह गेला तर त्या बाईला टॅमॉक्सिफेनसारखं हार्मोनविरोधी औषध मिळणारच नाही. म्हणून ईआर बघताना त्याच सेक्शनमधल्या नॉर्मल डक्टकडे बघायची सवय लावा, तिथे काही न्यूक्लिअस रंगलेले हवेत, तेही कोरे असतील तर निगेटिव्ह म्हणून पुढे पाठवू नका, रिपीट लावा.

पहिल्या आठवड्यात सिनिअरला विचारून टॉन्सिलच्या एकाच ब्लॉकचे तीन सेक्शन घ्या, केआय-67 (विभागणाऱ्या पेशी दाखवणारा मार्कर) चा एमआयबी-1 क्लोन लावा, एक रिट्रीव्हलशिवाय, एक सिट्रेटमध्ये, एक ट्रिस-ईडीटीएमध्ये. पहिल्यात जर्मिनल सेंटर (टॉन्सिलमधला वेगाने विभागणाऱ्या पेशींचा गोल भाग) जवळपास कोरं दिसेल, बाकी दोन्हींत न्यूक्लिअस भरून आलेले. तिन्ही स्लाइडवर बफर आणि वेळ लिहून जपून ठेवा, पुढे कधी रन बिघडला तर शेजारी लावून बघायला कामी येतात.