स्टिरिओ कॉम्प्रेसर निवडताना आधी आवाजाची पातळी जुळवा

कॉम्प्रेसर म्हणजे गाण्यातले मोठे आवाज आपोआप दाबणारं साधन. आधी ठरवा, तो मिक्ससाठी (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) हवा की मास्टरिंगसाठी (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना). मिक्सला थोडा रंग चढवणारा चालतो. मास्टरिंगला मात्र नॉब टप्प्याटप्प्याने फिरणारा हवा, म्हणजे महिन्याने तेच सेटिंग जसंच्या तसं लावता येतं.

प्रकारांवर फार वेळ घालवू नका. व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा) झटपट आणि काटेकोर. एसएसएल कंपनीच्या ४००० मालिकेतल्या मिक्सिंग कन्सोलचा प्रसिद्ध बस कॉम्प्रेसर (अख्ख्या मिक्सवर लागणारा) याच जातीचा, त्याला २, ४ आणि १० असे तीनच रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण. व्हेरी-म्यू ट्यूबवर चालतो, सावकाश आणि गोलसर दाबतो. २० ट्यूबचा फेअरचाइल्ड ६७० हा त्यातला थोरला. ढोलकी-ताशाच्या गाण्याला मी व्हीसीए लावतो, भावगीताला व्हेरी-म्यू. एलए-२ए सारखा ऑप्टो (प्रकाशाच्या मदतीने दाबणारा) एकट्या गळ्यावर सुंदर वाटतो, पण त्याचा रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, आपल्या हातात नसतो, म्हणून अख्ख्या मिक्सवर मी तो लावत नाही. प्लगइन (सॉफ्टवेअरमधला कॉम्प्रेसर) की खरं यंत्र, हा वाद बाजूला ठेवा. चांगलं प्लगइन पुरतं.

दोन सोयी मात्र हव्यातच. पहिली, दोन्ही चॅनेल जोडणारी लिंक. अभंगात टाळ उजवीकडे ठेवलेत आणि लिंक बंद आहे असं समजा: टाळ वाजला की फक्त उजवी बाजू दबते आणि मधोमध असलेला गायक दर ठोक्याला डावीकडे सरकतो. दुसरी, साइडचेनला (जो आवाज ऐकून कॉम्प्रेसर किती दाबायचं ते ठरवतो त्याला) हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे खर्जाचे स्वर गाळणारा. तो साधारण १०० हर्ट्झवर लावला की खर्जाच्या जोराने सगळा मिक्स खाली बसत नाही.

आता खरी अडचण, जिथे माझी काही वर्षं वाया गेली. कॉम्प्रेसर चालू केला की मेकअप गेनमुळे (दाबलेला आवाज परत वाढवणाऱ्या नॉबमुळे) आवाज थोडा मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. अर्धा डेसिबल (डीबी) सुद्धा पुरतो. मी असेच कॉम्प्रेसर पसंत करत गेलो. मग एका गायिकेने तयार मास्टर घरी ऐकून विचारलं, “ध्रुवपदात माझा आवाज मागे का जातो?” पुन्हा ऐकलं. पखवाजाच्या प्रत्येक ‘धा’बरोबर तिचा स्वर आत ओढला जात होता आणि ‘धा’ विरला की वर येत होता. मोठ्या आवाजाच्या भरात मला ते ऐकूच आलं नव्हतं.

म्हणून चाचणी अशीच करा. गाण्यातला सर्वांत भरगच्च भाग घ्या. रेशो २:१, अटॅक (दाबायला सुरुवात करण्याचा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, आणि किती दाबलं ते दाखवणारी सुई २ डीबीपेक्षा जास्त पडू देऊ नका. मग मेकअप गेन असा लावा की चालू आणि बायपास (कॉम्प्रेसर वगळून), दोन्ही वेळा लाउडनेस मीटरवर एलयूएफएसचा, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचा आकडा सारखाच येईल. फरक ०.२ च्या आत हवा. पीक (क्षणिक सर्वांत उंच पातळी) दाखवणारं मीटर बघून पातळी जुळवा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कॉम्प्रेसरने पीक दाबलेले असतात, त्यामुळे पीक सारखे केले की दाबलेलं गाणंच मोठं ऐकू येतं आणि चाचणी तिथेच फसते.

आता डोळे मिटून बायपासचं बटण भराभर दाबा, कोणतं चालू आहे हे विसरेपर्यंत. मग सावकाश ऐका. टाळाची धार बोथट होते का? शब्द संपताना स्वराची शेपटी फुगते का? समेनंतरच्या मोकळ्या जागेत तंबोरा वर उसळतो का? उसळत असेल तर आधी रिलीज बदलून बघा. तरी तसंच राहिलं तर तो कॉम्प्रेसर त्या गाण्याचा नाही. हेच दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने, आवाज अगदी कमी ठेवून पुन्हा करा.

तीन वेगवेगळ्या गाण्यांवर हे करून मगच पैसे भरा. प्लगइनची चाचणी मुदत त्यासाठीच असते. यंत्र घ्यायचं असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणा. आणि डोळे मिटून तुम्ही दर वेळी बायपासच निवडत असाल, तर त्या मिक्सला कॉम्प्रेसर लावूच नका.