लिक्विड नायट्रोजनची टाकी भरताना प्रेशर कसं सांभाळायचं, नवीन पोरांसाठी माझा अनुभव

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून गॅसच्या कंपनीत लागलो तेव्हा वाटलेलं की कंट्रोल रूममध्ये बसून स्क्रीन बघायची. पण पहिले आठ महिने टँकरबरोबर फिरलो, चाकण, भोसरी, रांजणगाव, नुसत्या कस्टमरच्या टाक्या भरत. आता त्याच टाक्यांवर ऑटोमॅटिक फिलिंगचे वॉल्व बसवतो, सेट करतो आणि नवीन आलेले सारखं विचारतात की आधी काय शिकू, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी टाकी समजून घ्या. कारखान्यांच्या आणि हॉस्पिटलच्या आवारात ती पांढरी उभी टाकी दिसते ना, ती म्हणजे मोठा थर्मासच. आत स्टेनलेस स्टीलचं भांडं, बाहेर साध्या स्टीलचं आणि मधल्या जागेत परलाइटची पावडर भरून व्हॅक्यूम केलेला. खाली लिक्विड, वर त्याचीच वाफ, आणि काट्यावर दिसतं ते प्रेशर त्या वाफेचं. नायट्रोजन साध्या हवेच्या दाबाला उणे १९६ डिग्रीला उकळतो पण टाकीत १० बार प्रेशर असेल तर उकळायला साधारण उणे १६८ लागतं. हा जो फरक आहे ना, सगळा खेळ त्याच्यावर आहे, हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

टँकरमधलं लिक्विड कमी प्रेशरला असतं म्हणजे जास्त थंड, उणे १९० च्या आसपास. ते टाकीत वरून फवारलं की वरची वाफ त्या थंड थेंबांवर परत लिक्विड होते आणि प्रेशर पडतं. तेच लिक्विड खालून सोडलं तर पातळी वर चढते, वाफेला जागा कमी पडते, पिस्टनसारखी दाबली जाते आणि प्रेशर वाढतं. म्हणून टाकीला दोन लाइन असतात, टॉप फिल आणि बॉटम फिल, आणि हाताने भरताना दोन्ही वॉल्व थोडे थोडे फिरवत काटा एका जागी धरायचा असतो.

आमच्या टँकरवरचे काका मला म्हणायचे, "पोरा, वॉल्वकडे काय बघतोस, काट्याकडे बघ, हात आपोआप जाईल." पहिले दोन आठवडे मला काही कळलं नाही. मग एका लेझर कटिंगवाल्याकडे मी एकटा वॉल्ववर होतो, प्रेशर १२ च्या पुढे जायला लागलं, सेफ्टी वॉल्व उडेल या भीतीने मी टॉप पूर्ण उघडला आणि बॉटम बंद केला. बघता बघता काटा ७ वर आला आणि आत शेडमध्ये मशीन बंद पडलं, कारण लेझरला नायट्रोजन ठरावीक प्रेशरलाच लागतो. प्रेशर बिल्डिंग कॉइलला, म्हणजे टाकीतलं थोडं लिक्विड उकळून त्याची वाफ करणाऱ्या नळीला, ते परत वर न्यायला बराच वेळ लागला, तोवर त्यांचं काम खोळंबलं, आणि मला त्या माणसांचं खरंच वाईट वाटलं.

हॉस्पिटलच्या ऑक्सिजन टाकीवर हेच झालं तर काय, याचा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही. नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ ला हॉस्पिटलच्या टाकीला गळती लागून प्रेशर पडलं आणि किमान २२ पेशंट गेले. ती घटना गळतीची होती, टॉप-बॉटमची नव्हे, पण टाकीवरचा काटा खाली आला की वॉर्डात काय होतं ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं.

तर ऑटोमॅटिक वॉल्व काय करतो? काकांचा हात जे करायचा तेच. एका बॉडीत दोन रस्ते, एक वर जाणारा एक खाली, आणि मधे स्प्रिंग व डायफ्राम (लवचिक पडदा), ज्याला टाकीतल्या वाफेचं प्रेशर एका छोट्या लाइनने, म्हणजे सेन्सिंग लाइनने मिळतं. प्रेशर सेटिंगच्या वर गेलं की लिक्विड वरच्या रस्त्याला वळतं, खाली आलं की खालच्या. वीज लागत नाही, म्हणून मला हा प्रकार फार आवडतो. मोठ्या स्टेशनवर ट्रान्समीटर (प्रेशर मोजून सिग्नल पाठवणारा), पीएलसी (कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर) आणि कंट्रोल वॉल्व असतात, तिथे तुमचा डिप्लोमा जास्त कामाला येतो, पण तत्त्व तेच आहे.

सगळ्यात जास्त चुका सेटिंगमध्ये होतात. टाकीवर आधीच दोन रेग्युलेटर असतात, एक प्रेशर बिल्डिंगचा जो प्रेशर कमी झालं की लिक्विडची वाफ करून वर नेतो आणि दुसरा इकॉनॉमायझर, जो प्रेशर जास्त झालं की आधी वरची वाफ वापरायला देतो. समजा पहिला ९ ला आणि दुसरा १० ला आहे, तर फिलिंगचा वॉल्व मी साधारण ११ ला ठेवतो, सेफ्टी वॉल्वपासून लांब. कोणी तो ८ ला लावला तर भरताना एक बाजू प्रेशर पाडत राहते आणि दुसरी बाजू लिक्विड उकळून ते वर ढकलत राहते, दोघं एकमेकांशी भांडतात. एका ठिकाणी असं कितीतरी महिने चाललेलं, सगळ्यांना वाटायचं की वॉल्वच खराब आहे.

दुसरी गोष्ट, टँकर दोन दिवस उन्हात उभा राहून आला असेल तर त्यातलं लिक्विड गरम झालेलं असतं. गरम म्हणजे तरी प्रचंड थंडच, पण फवारलं तरी वाफ पुरेशी परत लिक्विड होत नाही, प्रेशर खाली यायचं नाव घेत नाही. अशा वेळी वॉल्वचा दोष नसतो, आधी टँकरचं प्रेशर बघा.

आणि टाकी भरत आली की ऑटोमॅटिकवर अजिबात विसंबू नका. वर वाफेला जागाच उरली नाही तर फवारून उपयोग काय, आणि टँकरचा पंप काही सेकंदात प्रेशर कुठच्या कुठे नेतो, इतका फ्लो सेफ्टी वॉल्व बाहेर टाकू शकेलच असं नाही. म्हणून फुल ट्रायकॉक, म्हणजे टाकी भरल्याची खूण देणारा छोटा वॉल्व, उघडा ठेवायचा, त्यातून वाफेऐवजी लिक्विड थुंकायला लागलं की पंप लगेच बंद.

वॉल्व बिघडतो तो बहुतेक ओलाव्याने. स्प्रिंगच्या केसिंगमध्ये पाणी शिरून बर्फ होतो किंवा सेन्सिंग लाइन तुंबते. पावसाळ्याआधी मी केसिंगचे ब्रीदर, म्हणजे हवा जायची छोटी भोकं, सगळे तपासतो. कोणत्याही वॉल्वला हात लावण्याआधी हे विचारा की डायफ्राम फाटला तर लिक्विड वर जाणार का खाली, कारण त्यावर ठरतं की तुम्हाला कमी प्रेशरची तयारी ठेवायची आहे का जास्त प्रेशरची.

शिक्षणाचं म्हणाल तर आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, दोन्ही चालतात. पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि अशा प्रेशरच्या टाक्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, २०१६ चे प्रेशर वेसलचे नियम एकदा तरी बसून वाचा. वरिष्ठांना सांगून निदान वीस-पंचवीस टाक्या हाताने भरा, मगच ऑटोमॅटिककडे या. हातमोजे सैल घ्या, लिक्विड आत गेलं तर झटकन निघाले पाहिजेत. ऑक्सिजनच्या लाइनला तेल-ग्रीस लागू देऊ नका, डांबरावर सांडू देऊ नका, आणि होज सोडण्याआधी त्यातलं लिक्विड व्हेंट करा. दोन बंद वॉल्वमध्ये लिक्विड अडकलं की त्याचा गॅस होताना जागा मागतो जवळपास ७०० पट, ऑक्सिजन असेल तर ८५० च्या वर.