नदीकाठी सापडलेलं हाड जुनं आहे का, आणि ते काय सांगतं? नाशिककरांसाठी

गेल्या मे महिन्यात भाचा सिन्नरकडच्या एका खाणीतून पंख्यासारखा पसरलेला पांढराशुभ्र दगड घेऊन आला, मामा हा डायनासोरचा दात आहे का म्हणे. तो झिओलाइट होता, आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत वाढणारा स्फटिक, पण प्रश्न इतका छान होता की तेव्हापासून ठरवलं होतं हे नीट लिहून काढायचं.

पहिली गोष्ट म्हणजे कुठे बघायचं. आपला काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, आणि लाव्हात हाडं टिकत नाहीत, त्यामुळे ब्रह्मगिरी, हरिहर, पांडवलेणी इथे डायनासोर शोधत बसू नका. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात जिथे तळी झाली तिथल्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात, मुंबईत वरळीच्या टेकडीत असेच बेडूक मिळालेत. आपल्याकडे खरी जागा म्हणजे गोदावरीचे जुने काठ, जिथे गोटे आणि वाळू एकमेकांना घट्ट चिकटून भिंतीसारखी उभी दिसतात. नांदूर मध्यमेश्वरच्या अशाच थरातल्या हत्तीवर पिलग्रिम या भूवैज्ञानिकांनी १९०५ साली लिहिलंय, आणि गंगापूरला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना गोट्यांच्या थरात अश्मयुगीन हत्यारं मिळाली. म्हणजे माणूस आणि ते जुने प्राणी याच नदीवर पाणी प्यायचे, मला हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आता हातात काही आलं तर ते फॉसिल आहे का कसं ओळखायचं? तुटलेलं टोक बघा. हाड असेल तर आत स्पंजसारखी जाळी दिसते, दगडात सहसा अशी जाळी नसते. मग वजन बघा, फॉसिल आकाराच्या मानाने जड लागतं कारण हाडातल्या बारीक भोकांत खनिजं बसलेली असतात. काही जण जिभेला लावून बघतात, ते नको, कारण ताजं हाडही चिकटतं आणि पाण्याचा भरवसा नाही. दगडावर काळी नेच्यासारखी नक्षी दिसली तर बहुतेक ती मँगनीजची असते, वनस्पती नाही, पानाची मधली शीर आणि कडा दिसतेय का ते भिंगाने बघा.

सगळ्यात आधी दात शोधा, खरंच, मांडीचं हाड कितीही मोठं असलं तरी दात जास्त बोलतो. हत्तीची दाढ घ्या, वरून बघितली तर आडव्या पट्ट्या दिसतात, आपल्या धुण्याच्या दगडावर टाकीचे घाव असतात ना तशा. प्रत्येक पट्टीभोवती कडक इनॅमल, मधे मऊ भाग, मऊ भाग आधी झिजतो आणि पट्ट्यांच्या कडा वर राहतात, म्हणजे दाढ झिजताझिजता स्वतःला धार लावत राहते. स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष नातेवाइकाच्या दाढेत हे कंगोरे बुटके, छपरासारखे, आणि हत्तींमध्ये मात्र उंच, दाट पट्ट्या. का? कारण गवतात सिलिका असते, वर धूळ, आणि बुटकी दाढ त्यात लवकर संपते. घोड्याचंही तेच, साधारण ५.५ कोटी वर्षांपूर्वीचा घोडा लहानसा, पुढच्या पायाला ४ बोटं, दाढा बुटक्या, पाला खाणारा, आणि पुढे गवत खायला लागल्यावर दाढा उंच झाल्या. उत्क्रांती म्हणतात ती अशी दाताच्या उंचीत मोजता येते.

आणि शेण सोडू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात, त्यात गवताचे सिलिकाचे कण सापडले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर समज असा होता की गवत खाणारे प्राणी डायनासोर गेल्यानंतरचेच, ती कल्पनाच बदलावी लागली.

मिळालेल्या दगडाची किंमत कळायला वेळ लागतो, म्हणून तो जपून ठेवायचा. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे दगड भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जमवले होते, ते त्यांच्या पश्चात उघडले गेले. त्यातली एक कवटी चुकून तुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं, एका बाजूने जाड, असं तोवर फक्त देवमाशांतच माहीत होतं. प्राणी होता हरणासारखा खुरवाला, मांजराएवढा, नाव इंडोह्यूस. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे याचा हा मोठा दुवा, २००७ सालचा.

तुम्हाला काही दिसलं तर उचलू नका, आधी जागेवरच ३ फोटो काढा, एक लांबून काठासकट, एक थर दिसेल असा, एक जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून. फोनवरून लोकेशन सेव्ह करा, थर पाण्यापासून किती फूट वर आहे तेही लिहा, कारण थरातून सुटलेलं हाड अर्धीच माहिती देतं. खोदू नका, नांदूर मध्यमेश्वर तर पक्षी अभयारण्य आहे. फेव्हिकॉल, ब्रश, ॲसिड काहीही लावू नका. फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला पाठवा, आणि पावसाळ्याच्या आत पाठवा, कारण गंगापूर धरणातून पाणी सुटलं की काठ ढासळतो आणि हाड थेट नदीत.