पोस्टडॉकला अप्लाय करताय? मग आधी एवढं जमवून ठेवा

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं रिसर्चचं काम. त्यासाठी सगळ्यात आधी पीएचडी मिळाल्याची तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा, कारण बऱ्याच फेलोशिपचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरचा रिसर्च अनुभव ८ वर्षांच्या आत लागतो, शिवाय ज्या देशात जायचंय तिथे डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही, त्यामुळे आधीच तिथे जाऊन बसलेल्यांचा पत्ता इथेच कट होतो. जपानच्या जेएसपीएस या संस्थेच्या फेलोशिपला अर्ज सहसा तिकडच्या होस्टमार्फत, म्हणजे ज्याच्या लॅबमध्ये जायचंय त्याच्यामार्फत जातो, म्हणजे आधी प्रोफेसर पटला पाहिजे.

आता खरं काम, ईमेल. ‘तुमच्या रिसर्चमध्ये खूप इंटरेस्ट आहे’ असल्या मेल प्रोफेसर न वाचताच उडवतात, आणि मला विचाराल तर बरोबरच करतात. त्यांचा ताजा पेपर उघडा, त्यातला एक ग्राफ धरा आणि लिहा की बाबा या बॅटरीची कपॅसिटी २०० वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर घसरतेय, मी पीएचडीत अशाच इंटरफेसवर (दोन पदार्थ जिथे भेटतात तिथे) रमन स्पेक्ट्रोस्कोपी (लेझरने पदार्थ तपासायची पद्धत) केलीय, तापमान बदलून हे तपासता येईल. एवढ्या तीन-चार ओळी, सोबत सीव्ही, बास. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, रोज उठून नको. आणि हे फेलोशिपच्या डेडलाइनच्या निदान सहा महिने आधी, कारण प्रपोजल दोघांनी मिळून लिहायचं असतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी गिटहबवरचा (कोड ठेवायची वेबसाइट) कोड नीट करून ठेवा, रीडमी म्हणजे सोबतची माहितीची फाइल वाचून दुसऱ्याला रन करता आला पाहिजे. कंपनीच्या पैशावर काम केलं असेल तर काय दाखवायला परवानगी आहे ते गाइडकडून लेखी घ्या, नाहीतर प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री स्लाइड काढत बसाल. रेफरन्स देणाऱ्या तिघांना आधी विचारा, डेडलाइन कळवा, सीव्ही पाठवा.

ड्रोन, सेमीकंडक्टर, न्यूक्लिअर असा विषय असेल तर सिक्युरिटी चेकचा वेळ वेगळा धरा. ब्रिटनमध्ये ठरावीक विषयांना आणि बऱ्याच देशांच्या लोकांना एटीएएस नावाचं सिक्युरिटी चेकचं सर्टिफिकेट लागतं, ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही, तेव्हा जॉइनिंग डेट ठरवताना घाई नको.

ऑफर आली की लगेच हो म्हणू नका (मोह होतोच). पगार आहे की स्टायपेंड ते विचारा, टॅक्स आणि हेल्थ इन्शुरन्स त्यावर ठरतो. ग्रँट कधी संपते, कॉन्ट्रॅक्ट एकेक वर्षाने वाढतं का, स्वतःचा पेपर करस्पाँडिंग ऑथर (पेपरची मुख्य जबाबदारी घेणारा लेखक) म्हणून टाकता येईल का, हेही विचारा. आणि त्या लॅबमधल्या आधीच्या पोस्टडॉकला कॉल करा, मेल नको, कॉलच, लोक लिहून कधी खरं सांगत नाहीत.