कोडचा सातबारा: कॉन्ट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंटवर सही करण्याआधी

मागच्या रविवारी सकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी नागपुरात लक्ष्मीनगरला घरी आली. एका हातात तर्री-पोह्याची पिशवी, दुसऱ्या हातात उघडा लॅपटॉप. कागदपत्रं शोधायच्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द नीट सापडत नव्हते. 'संत्रा' शोधलं की 'संत्र्याचे' वगळलं जायचं. तिनं तीन आठवडे खपून ते दुरुस्त केलं आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवला. दहा मिनिटांत ते सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीच्या बॉटचं, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचं, उत्तर आलं: आधी आमच्या कॉन्ट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंटवर सही करा, मग पॅच बघू. (हा करार म्हणजे, तुम्ही दिलेल्या कोडचे कोणते हक्क प्रकल्पाला मिळतात ते ठरवणारा कागद.)

"ताई, सगळेच सही करून राहिले. मी पण करू का? तसंही एजीपीएल आहे, कॉपीलेफ्ट आहे. कोण काय बंद करणार?"

हेच वाक्य मी 2017 साली स्वतःशी म्हटलं होतं. (कॉपीलेफ्ट म्हणजे असं लायसन्स, की घेतलेला कोड बदलून वाटला तरी तो मुक्तच ठेवावा लागतो. जीपीएल आणि एजीपीएल ही त्यातलीच.) एका कंपनीच्या रिपोर्ट छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी भारतीय पद्धतीचे स्वल्पविराम आणले होते, लाखा-कोटींचे. लायसन्स कॉपीलेफ्ट होतं, म्हणून करार न वाचता 'मान्य' दाबलं. दोन वर्षांनी कंपनीनं पुढची आवृत्ती बंदिस्त केली. माझा कोड तिच्यात होता. इतवारीतल्या माझ्याच एका गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती विकत घ्यावी लागली, आणि पैसे देऊनही आतला कोड त्याला बघायला मिळाला नाही. कंपनीनं कायदा कुठेही मोडला नव्हता, कारण तशी परवानगी मीच दिली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या: कॉपीलेफ्टची अट घेणाऱ्यावर असते, मालकावर नसते. जीपीएल म्हणजे कॉपीराइटच्या मालकानं बाकीच्यांना दिलेली परवानगी: वापरा, बदला, वाटा, पण वाटताना याच अटींवर वाटा. मालकाला स्वतःच्या कोडसाठी कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तोच कोड तो उद्या दुसऱ्या अटींवर विकू शकतो.

मग कंपनीला कोण बांधतं? तुम्ही बांधता. तुमच्या पॅचचे हक्क तुमचे. तो तुम्ही एजीपीएलखाली दिलात, तर त्या पॅचपुरती कंपनीसुद्धा घेणारी होते, आणि तुमचा पॅच आत आहे तोवर तिलाही एजीपीएल पाळावं लागतं. असे दोनशे लोकांचे पॅच आत असले की कोणा एकाला सगळं बंद करता येत नाही. कॉन्ट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंट नेमकी हीच गाठ सोडवू शकतं.

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. सातबाऱ्यावर बाबा, दोन काका आणि दोन आत्या अशी पाच नावं. काही वर्षांपूर्वी प्लॉट पाडून विकणारा ले-आऊटवाला आला, भाव बरा देत होता, चौघं तयार झाले. धाकट्या आत्यानं सही दिली नाही आणि बाग राहिली. तेव्हा सगळ्यांनी मोठ्या काकांच्या नावानं सरसकट मुखत्यारपत्र करून दिलेलं असतं, तर आत्याला कोणी विचारलंही नसतं. माझ्या मते कॉपीलेफ्टचा खरा जोर लायसन्सच्या मजकुराइतकाच या पाच नावांत आहे. (जमिनीत एक भाऊ आपला हिस्सा तरी विकू शकतो. एकमेकांत विणलेल्या कोडमधून एकाचा हिस्सा वेगळा काढणं फार अवघड.)

तर आता समोर आलेला कागद नेमका कोणता, ते आधी ओळखा. नाव काहीही असो, प्रकार तीनच.

एक खरेदीखतासारखा: कॉपीराइटच सोपवून द्यायचा. याचं जुनं उदाहरण म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, जीपीएल लिहिणारी संस्था. ईमॅक्स या एडिटरसाठी ते आजही हक्क लिहून मागतात. पण बदल्यात तेही लिहून देतात की हा कोड आम्ही कायम मुक्त अटींवरच वाटू, आणि तुमचा कोड वापरायचा हक्क तुम्हाला परत देतात. मालक एकच असला की लायसन्स मोडणाऱ्यावर दावा लावणं सोपं जातं, हे त्यांचं कारण रास्त आहे. तरी 2021 मध्ये जीसीसी आणि जीलिबसी या दोन मोठ्या प्रकल्पांनी ही सक्ती सोडली.

दुसरा मुखत्यारपत्रासारखा, आणि बहुतेक कंपन्यांचा हाच. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, हे त्यात ठळक लिहिलेलं असतं आणि वाचून बरं वाटतं. खरी मेख पुढच्या परिच्छेदात असते.

तिसरा म्हणजे डीसीओ, डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. एससीओ कंपनीनं 2003 मध्ये आयबीएमवर लिनक्सवरून दावा लावला. त्या गोंधळानंतर, 2004 मध्ये, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी, ही पद्धत आणली. कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, आज्ञेला हायफन-एस जोडलं की खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून तुमचं नाव येतं. अर्थ एवढाच: हा कोड माझा आहे किंवा मला देण्याचा अधिकार आहे, आणि प्रकल्पाचं जे लायसन्स आहे त्याखालीच तो देतो आहे. यात कोणाला वरचढ हक्क मिळत नाही. डीसीओ दिसला तर निर्धास्त सही करा.

दुसऱ्या प्रकारावर मात्र वेळ घालवा. त्या रविवारी आम्ही दोघींनी पोहे बाजूला ठेवून तो करार मोठ्यानं वाचला. मराठीत सांगायचं तर त्यातलं वाक्य असं होतं: 'मी कंपनीला माझ्या योगदानाचा कायमस्वरूपी, जगभर लागू, मागे न घेता येणारा, विनामोबदला परवाना देते; कंपनी तो पुढे कोणालाही, कोणत्याही अटींवर देऊ शकेल.' मी तिला म्हटलं, 'कोणत्याही' या शब्दाखाली रेघ ओढ. हा शब्द नसता आणि 'प्रकल्पाच्या सध्याच्या लायसन्सच्या अटींवर' असं असतं, तर तुझी दोरी कायम राहिली असती. 'कोणत्याही' आला की तुझ्यापुरती ती सुटली.

कधी हा शब्द सरळ येत नाही. 'सबलायसन्स देण्याचा हक्क', म्हणजे परवाना पुढे दुसऱ्यांना देण्याचा हक्क, एवढंच असतं आणि पुढे अट काहीच नसते. तेव्हा पुढे काय नाही तेही बघा. चांगल्या करारात एक वचन असतं: तुमचं योगदान ज्या आवृत्तीत असेल ती आम्ही अमुक मुक्त लायसन्सखाली उपलब्ध ठेवूच. तेही दोन दर्जांचं. 'मुक्त लायसन्सखालीही देऊ' म्हटलं तर बंदिस्त आवृत्तीचा रस्ता उघडाच राहतो. 'फक्त मुक्त लायसन्सखालीच देऊ' म्हटलं तर तो बंद होतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपनं तयार केलेल्या एफएलए नावाच्या नमुन्यात तर आणखी एक पायरी आहे: ज्याच्याकडे हक्क दिले त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व मोडलं, तर ते हक्क काढून घेतले जातात. केडीई या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पाची संस्था हाच नमुना वापरते, आणि तोही ऐच्छिक.

"पण अपाचे लायसन्सवाले पण असाच करार मागतात," ती म्हणाली. मागतात, पण तिथं फरक कमी पडतो. अपाचेखालचा कोड तसाही कोणीही बंदिस्त करू शकतो, तुम्हीसुद्धा. एजीपीएल अधिक असा करार म्हटलं की बंद करायचा हक्क जगात एकट्या कंपनीला, आणि बाकी सगळे बांधलेले. ही विषमता मला खटकते.

हे होऊन गेलेलं आहे. मोंगोडीबी हे डेटाबेस सॉफ्टवेअर एजीपीएलखाली होतं आणि योगदान देणाऱ्यांकडून करार घेत असे. ऑक्टोबर 2018 मध्ये कंपनीनं ते एसएसपीएल नावाच्या स्वतःच्या लायसन्सवर नेलं, ज्याला मुक्त लायसन्सं तपासून मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची मान्यता नाही. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्प कंपनीनं टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं साधन एमपीएल या मुक्त लायसन्सवरून बिझनेस सोर्स लायसन्स या मुक्त नसलेल्या लायसन्सवर नेलं. तिथंही करार होताच. पण आधी मुक्त लायसन्सखाली दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून टेराफॉर्मच्या जुन्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा वेगळा मुक्त प्रकल्प उभा राहिला. उलट बाजूला लिनक्स कर्नल बघा. हजारोंचे हक्क हजारोंकडे, म्हणून कोणी ठरवून ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरून हलवू शकत नाही. याची किंमतही असते. 2011 मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या गाभ्याचं लायसन्स जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल रूपावर न्यायचं होतं, तेव्हा जुन्या योगदान देणाऱ्यांना एकेक करून शोधून संमती घ्यावी लागली. मला ही किंमत परवडणारी वाटते.

आता आपल्या कायद्याचं थोडं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. कलम 19 प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी आणि सही केलेलं हवं; 'घ्या ना ताई' म्हटल्यानं हक्क जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आले की ही दोन्ही कवचं गळतात, म्हणून त्यांवरून नजर सरकू देऊ नका. क्लिक करून केलेला करार निव्वळ ऑनलाइन आहे म्हणून रद्द ठरत नाही. आणि वय 18 च्या आत असेल तर करारच करता येत नाही. बारावीतली मुलं उत्साहानं पॅच पाठवतात, त्यांच्या आई-बाबांना हे सांगा.

नोकरी करणाऱ्यांनी आधी नेमणूकपत्र काढावं. कलम 17 प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात दिवसा काम करून रात्री पॅच लिहिणारे माझे बरेच ओळखीचे आहेत. तुमचा नसलेला कोड 'माझा आहे' म्हणून सही केलीत तर अडकाल तुम्ही. एचआरला दोन ओळींचा मेल टाकून लेखी हो घ्या.

पेटंटचं कलम बहुतेक करारांत असतं. तुमच्या नावावर पेटंट नसेल तर त्यावर फार थांबू नका.

करार पटला नाही तर गप्प बसू नका, विचारा. आम्ही तिच्यासाठी असा मेल लिहिला: 'माझा पॅच मी प्रकल्पाच्या एजीपीएलखाली द्यायला तयार आहे आणि डीसीओप्रमाणे सही करते. करारातल्या 'कोणत्याही अटींवर' या शब्दांऐवजी 'एजीपीएलच्या अटींवर' असं करता येईल का?' नम्र, थोडक्यात, आणि आपण काय द्यायला तयार आहोत ते आधी. एकट्या विद्यार्थिनीसाठी मोठी कंपनी करार बदलेल असं नाही. पण कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबनं 2017 मध्ये करार सोडून डीसीओ घेतला, म्हणजे बदलही होतात.

आणि प्रकल्प तुमचाच असेल तर? कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी मी हिशोबपट्टी छापायचं सॉफ्टवेअर चालवते, एजीपीएलखाली. एजीपीएल का, तर कोणी ते सर्व्हरवर चढवून बदललं आणि अडत्यांना भाड्यानं दिलं, तरी वापरणाऱ्या अडत्याला बदललेला कोड मागता यावा. काटोलच्या एका मुलानं पॅच पाठवला. एका गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल आला की हमाली दोघांच्या पट्टीत पूर्ण कापली जात होती, ती त्यानं मालाच्या वजनाप्रमाणे वाटून दिली. सोळा ओळींचं काम, पण शेतकऱ्याच्या खिशातलं. त्याच्याकडून मी करार घेतला नाही, डीसीओची सही घेतली. फाइलच्या डोक्यावर माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं. आता उद्या मला कोणी मोठी रक्कम देऊ केली तरी त्याला विचारल्याशिवाय मी ते बंदिस्त करू शकत नाही, आणि मला तसंच हवं होतं.

तुम्हालाही तसंच हवं असेल तर तीन कामं एका संध्याकाळी होतात. लायसन्सची पूर्ण फाइल मुळातल्या फोल्डरमध्ये ठेवा. योगदानाच्या सूचनांत स्पष्ट लिहा: 'येणारं योगदान याच लायसन्सखाली येतं, डीसीओची सही लागते.' आणि लायसन्स निवडताना 'किंवा पुढची कोणतीही आवृत्ती' हे शब्द ठेवायचे की नाही ते पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर बदलायचं तर पुन्हा प्रत्येकाचं दार ठोठवावं लागेल.

कुठंही सही केलीत, तर त्या दिवशीच्या कराराची पीडीएफ उतरवून तारखेसह ठेवा. संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो. माझ्याकडे 2017 ची प्रत नाही.

कंपनीचं उत्तर चौथ्या दिवशी आलं: कराराशिवाय पॅच घेता येणार नाही. तिनं धन्यवाद कळवले, सही केली नाही. तिचा पॅच आता तिच्याच फोर्कमध्ये, म्हणजे तिनं वेगळ्या चालवलेल्या प्रतीत, आहे, एजीपीएलखाली, पहिल्या ओळीत तिचं नाव. ज्याला हवा तो घेऊ शकतो, ती कंपनीसुद्धा, त्याच अटींवर.