छोट्या वर्कशॉपमध्ये व्हायब्रो फिनिशिंग मशीन बसवताना

लेथवरून किंवा मिलिंगवरून उतरलेल्या जॉबची, म्हणजे घडवलेल्या भागाची, बर (कडेला राहिलेली धातूची धारदार कोर) कानशीने काढणे हे कौशल्याचे काम आहे, पण सकाळी पहिल्या जॉबवर फिरलेला हात आणि संध्याकाळी दोनशेव्या जॉबवर फिरलेला हात सारखा नसतो. थरथरीने कडा घासणाऱ्या व्हायब्रो मशीनचा खरा फायदा इथे आहे. वेळ वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका भरणीतल्या सगळ्या जॉबच्या कडा जवळजवळ सारख्याच मोडल्या, म्हणजे बोथट केल्या, जातात. मात्र कोणती कड मोडायची आणि कोणती धारदार ठेवायची हे या मशीनला कळत नाही. त्यामुळे मशीनच्या किमती विचारण्यापूर्वी आपण नेहमी करतो ते जॉब टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकाचे सर्वांत लहान भोक, सर्वांत अरुंद खाच व सर्वांत नाजूक कड कोणती हे लिहून काढावे. पुढचे बहुतेक निर्णय या कागदावरूनच घ्यायचे आहेत.

मशीनची रचना साधी आहे. पॉलियुरेथेनचे अस्तर असलेले गोल भांडे, म्हणजे बाउल, स्प्रिंगांवर बसवलेले असते आणि त्याच्या मधोमध उभ्या मोटरच्या शाफ्टला वर आणि खाली एका बाजूला भार देणारी वजने लावलेली असतात. मोटर फिरू लागली की बाउल काही मिलिमीटर हलतो आणि त्यातला मीडिया (घासण्यासाठी भरलेले छोटे खडे) व जॉब दोरीला पीळ पडावा तसे स्वतःभोवती वळत वळत बाउलभर फिरत राहतात. या फिरण्यात मीडिया जॉबवर हलक्या दाबाने असंख्य वेळा घासला जातो. बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर हे घर्षण सर्वाधिक होते, सपाट पृष्ठभागावर कमी, आणि खोल भोकांच्या आत जवळजवळ नाहीच. म्हणूनच पातळ बर सहज निघते, पण मुळाशी जाड असलेली बर कापली न जाता दुमडते आणि कधी कधी भोकाच्या तोंडावर आत दबून बसते. मिलिंगच्या खोल रेषाही वाजवी वेळात जात नाहीत. टूल वेळेवर बदलणे आणि शक्य तिथे प्रोग्राममध्येच छोटा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) देणे, हे काम व्हायब्रोच्या भरवशावर सोडू नये.

काही जॉब या मशीनमध्ये घालूच नयेत. ग्राइंड केलेल्या बेअरिंगच्या जागा, धार राखायची असलेल्या सीलिंग कडा, आणि बाहेरून बारीक आटे असलेले जड जॉब यांना धोका असतो, कारण जड जॉब एकमेकांवर आपटले की पहिल्या आट्यालाच खाच पडते. असे जॉब घालणे भागच असेल तर आट्यांवर प्लास्टिकची टोपी चढवावी, किंवा बाउलमध्ये कप्पे पाडता येत असतील तर एका कप्प्यात एकच जॉब ठेवावा.

आता आकारमान. मशीनवर लिहिलेली क्षमता ही भांड्याची पूर्ण क्षमता असते आणि प्रत्यक्षात ते साधारण ८० ते ९० टक्के भरावे लागते. त्याहून कमी भरल्यास माल नीट वळत नाही आणि जॉब एकमेकांवर आदळतात. २० लिटरचा बाउल ८५ टक्के भरला तर एकूण माल १७ लिटर होतो. मीडिया आणि जॉब यांचे प्रमाण आकारमानाने ३:१ धरले, तर जॉबच्या वाट्याला सव्वाचार लिटर येतात आणि मीडियाच्या वाट्याला पावणेतेरा. सिरॅमिक मीडिया लिटरमागे सुमारे दीड किलो भरतो, म्हणजे एकट्या मीडियाचेच वजन १९ किलोच्या आसपास जाते. मोजायला बादलीच्या आतून खुणा केल्या तरी पुरे. नाजूक किंवा मऊ धातूच्या जॉबसाठी हे प्रमाण ५:१ पर्यंत, आणि एकमेकांना अजिबात लागू न देण्याचे जॉब असतील तर १०:१ पर्यंतही न्यावे लागते. त्यामुळे आज पुरेसे वाटणारे मशीन उद्या लहान पडते. परवडत असेल तर हिशेबात येणाऱ्या आकाराहून एक पायरी मोठे घ्यावे, असे माझे मत आहे. कोरड्या भुशावर चालणारी छोटी पॉलिशिंग मशीन मात्र या कामासाठी घेऊ नयेत, कारण त्यांतल्या बहुतेकांची मोटर पाण्यासाठी आणि सिरॅमिकच्या वजनासाठी बनवलेली नसते.

मीडिया निवडताना मशीन निवडताना लागते त्याहून अधिक काळजी घ्यावी. पोलादी जॉबची बर काढायला सिरॅमिक, ॲल्युमिनियम व पितळ यांसारख्या मऊ धातूंना प्लास्टिक, चकाकी आणायला पोलादी गोळ्या व पिना, आणि धुतलेले जॉब वाळवायला मक्याच्या कणसाचा भरडा, ही ढोबळ वाटणी लक्षात ठेवावी. प्लास्टिक मीडिया वजनाने हलका असल्याने हळू कापतो, पण मऊ धातूवर ठोक्यांच्या खुणा पाडत नाही. आकारात त्रिकोण कोपऱ्यांत पोहोचतात, तिरके कापलेले सिलिंडर सहज वळतात व आतल्या कोनांत शिरतात, तर शंकू भोकांच्या तोंडावर चांगले काम करतात.

सर्वांत जास्त त्रास अडकलेल्या मीडियाचा होतो. आमच्याकडे ८ मिलिमीटर भोकाच्या प्लेटांसाठी १० मिलिमीटरचे त्रिकोण आणले होते आणि काही महिने सगळे सुरळीत चालले. मग एका दिवशी बाहेर काढलेल्या प्लेटांपैकी निम्म्यांच्या भोकांत करडे, गुळगुळीत झालेले खडे घट्ट बसलेले दिसले. झिजत झिजत ते नेमके भोकाच्या मापाला आले होते. प्रत्येक खडा पितळी पंचाने ठोकून काढावा लागला आणि तीन प्लेटांची भोके खरवडली गेली. तेव्हापासून मीडिया ठरावीक दिवसांनी चाळला जातो आणि भोकाच्या मापाच्या जवळ आलेला सगळा माल बाजूला काढून नवा भरला जातो. मीडिया एक तर झिजल्यावरही भोकात शिरणार नाही इतका मोठा असावा, नाही तर सहज आरपार निघून जाईल इतका लहान असावा.

मशीन बसवण्याची जागा कोरडी, सपाट आणि मोजमापाच्या टेबलापासून व ग्राइंडरपासून लांब असावी, कारण जमिनीतून जाणारी थरथर या दोन्हींना मानवत नाही. सांडपाणी स्वतःच्या उताराने टाकीत जाईल इतके मशीन उंच असावे. पाण्याजवळ चालणारे यंत्र असल्याने वीजजोडणीत गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग हवेच. थ्री-फेज मोटर असल्यास फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का हे आधी पाहावे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. बाउलवर पाचरीच्या आकाराची खूण असलेला स्टिकर असतो. मशीन चालू असताना त्या पाचरीच्या रेषा जिथे एकमेकींना छेदताना दिसतात, तिथला आकडा हा हालचालीचा पल्ला होय. तो लिहून ठेवावा, म्हणजे पुढे वजने सरकली की लगेच कळते. झाकण वापरावे आणि तरीही आवाज दिवसभर ८५ डेसिबलच्या पुढे राहत असेल तर कानांना संरक्षण घ्यावे.

पाण्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाणी आणि साधारण १ ते २ टक्के कंपाऊंड (पाण्यात मिसळायचे साफसफाईचे रसायन) यांचे मिश्रण थेंबाथेंबाने वरून येत राहावे आणि खालून सतत निघून जावे, कारण निघालेला धातूचा चुरा त्याच्याबरोबर वाहून गेला नाही तर तोच जॉबवर पुन्हा घासला जाऊन काळपट थर बसतो. पाणी जास्त झाले की माल तरंगल्यासारखा सुस्त होतो. कमी झाले की मीडिया चिकट दिसतो, त्याच्यावर चकाकी चढते आणि तो कापेनासा होतो. मूठभर मीडिया हातात घेतल्यावर तो ओला व स्वच्छ दिसावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये. नवा सिरॅमिक मीडिया जॉब न घालता काही तास पाण्याबरोबर चालवून त्याच्या तीक्ष्ण कडा आधी मोडून घ्याव्यात.

चाचणीसाठी पाच बाद जॉब घ्यावेत, त्यांवर क्रमांक कोरावेत आणि महत्त्वाची मापे मायक्रोमीटरने नोंदवावीत. उरलेली जागा जॉबच्याच आकाराच्या इतर बाद तुकड्यांनी भरावी, नाहीतर प्रमाण बिघडून चाचणी फसवते. दर १५ मिनिटांनी एक जॉब काढून धुवावा, १० पट भिंगाखाली कड पाहावी आणि तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले नाहीत म्हणजे बर गेली. ज्या वेळी बर गेली आणि मापही मर्यादेत राहिले, तीच त्या जॉबची वेळ. ती मीडियाच्या नावासह, कंपाऊंडच्या प्रमाणासह वहीत लिहावी. पोलादी जॉब बाहेर काढताच धुऊन, गंजरोधकात बुडवून लगेच वाळवावेत, कारण ओल्या व ताज्या पृष्ठभागावर काही मिनिटांतही तांबूस झाक येऊ शकते.

पोलाद आणि ॲल्युमिनियम एकाच मीडियात चालवू नये. मीडियात रुतलेले पोलादाचे कण ॲल्युमिनियमवर बसतात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके उमटतात. ॲल्युमिनियमसाठी कंपाऊंडही उदासीन स्वरूपाचे असावे, कारण अल्कधर्मी कंपाऊंडने तो काळा पडतो. सांडपाणी दोन-तीन कप्प्यांच्या टाकीत संथ होऊ द्यावे, तळाशी बसलेला गाळ काढून घ्यावा आणि तो धातूमिश्रित कचरा म्हणून नियमाप्रमाणे द्यावा, गटारात सोडू नये. ॲल्युमिनियमचा ओला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही भरू नये, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघून डब्यात दाब साठतो. तो उघड्या हवेशीर भांड्यात आणि ठिणगीपासून दूर ठेवावा. पूर्ण वाळून त्याची धूळ उडू लागण्याआधीच तो हलवावा.