वर्गमूळ असलेले समीकरण सोडवताना या चुका टाळा

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे मिरज तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. चौरस गुंठ्याची बाजू विचारली तर तो ३३ फूट असेच सांगतो. मात्र वहीत √१०८९ दिसले, की त्याची किंमत ±३३ लिहून मोकळा होतो. क्ष² = १०८९ या समीकरणाला दोन उकली आहेत हे खरे, परंतु √ हे चिन्ह केवळ धन वर्गमूळ दर्शवते. म्हणूनच √(क्ष − २) = −५ याला एकही उकल नाही, आणि वर्ग करून मिळणारे २७ हे उत्तर चुकीचे ठरते.

सर्वाधिक गुण जातात ते प्रत्येक पदाचा सुटा वर्ग केल्यामुळे. √(क्ष + ५) + १ = क्ष येथे तसे केल्यास क्ष² − क्ष − ६ = ० मिळते आणि त्याचे (क्ष − ३)(क्ष + २) असे अवयव इतके सुबक पडतात, की उत्तर चुकल्याची शंकाही येत नाही. प्रत्यक्षात ३ ही किंमत घातली तर डावी बाजू सुमारे ३.८३ येते. वर्गमूळ आधी एका बाजूला एकटे ठेवावे, म्हणजे √(क्ष + ५) = क्ष − १, आणि मगच वर्ग करावा; उजवीकडील −२क्ष हे मधले पद गाळू नये. आता क्ष² − ३क्ष − ४ = ० यावरून ४ आणि −१ या किमती मिळतात.

यांपैकी −१ घातल्यास डावी बाजू ३ येते, म्हणून ती किंमत बाद होते. आकडेमोड बिनचूक असूनही ती येते, कारण वर्ग करताना चिन्ह पुसले जाते आणि १ − √(क्ष + ५) = क्ष या वेगळ्याच समीकरणाची उकल आपल्या उत्तरात मिसळते. सांगलीतील हळदीच्या पेढीवर ताळा जुळल्याशिवाय हिशेब मिटत नाही, तसाच येथेही ताळा पाहावा, आणि तोही मूळ समीकरणातच. वर्ग केलेल्या समीकरणात आगंतुक किंमतही बिनबोभाट जुळते.

हे कळल्यावर काही विद्यार्थी ऋण दिसेल ती किंमत डोळे मिटून खोडतात. √(३ − २क्ष) = −क्ष यातून −३ आणि १ या किमती येतात. −३ घातल्यास दोन्ही बाजू ३ होतात. १ घातल्यास मात्र डावीकडे १ आणि उजवीकडे −१ उरते.